नाताळातील खानेसुमारी : फ्रँक चॅपमन यांचे चरित्र

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे वर्गातील निम्म्या मुलांचे लक्ष फळ्यावर नसून खिडकीबाहेर असते, हे शिक्षकाचा व्यवसाय करणाऱ्या कोणासही नव्याने सांगावयास नको. त्याच सुमारास कोणाच्या तरी दप्तरातून गलोल खाली पडते, वर्गात हशा पिकतो, आणि आम्ही ती उचलून टेबलाच्या खणात टाकतो. गेल्या काही वर्षांत अशा गलोलींनी तो खण बराच भरला आहे. रागावून झाले, समजावून झाले, प्रसंगी शिक्षाही करून झाली. तरी ही चाल पुरती मोडली नाही. मोडणार तरी कशी? सुटीत रानात हिंडावे, चार सोबत्यांबरोबर पैज मारावी, आणि दिवेलागणीस काही मिळवून आणल्याच्या आनंदात घरी परतावे, ही हौस मुळात वाईट नाही. वाईट आहे तो तिचा शेवट. हौस तशीच राखून तिचा शेवट तेवढा पालटावयाचा, ही युक्ती एका गृहस्थांस सव्वाशे वर्षांपूर्वी सुचली, आणि तीही नाताळच्याच निमित्ताने सुचली. त्या गृहस्थांचे नाव फ्रँक चॅपमन. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

फ्रँक चॅपमन यांचा जन्म १२ जून १८६४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात एंगलवुड ह्या गावी झाला. हडसन नदीच्या एका बाजूस न्यूयॉर्कचे प्रचंड शहर आणि दुसऱ्या बाजूस हे गाव. त्या काळी गावाभोवती फळबागा, शेते व राने भरपूर होती, आणि त्यांत पक्ष्यांची वस्तीही दाट होती. फ्रँकचे शिक्षण गावच्याच शाळेत झाले. अभ्यासात त्याने काही विशेष चमक दाखविली असे नाही. शाळा संपल्यावर तो कॉलेजात गेला नाही. १८८० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या एका बँकेत नोकरीस लागला. रोज सकाळी आगगाडीने शहरात जावे, दिवसभर हिशेबाच्या वह्यांत आकडे लिहावे व संध्याकाळी घरी यावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. आपल्याकडील कित्येक कारकुनांचे आयुष्य ह्याच चाकोरीत संपते. फ्रँकचेही तसेच संपले असते. परंतु लहानपणापासून जडलेला पक्ष्यांचा नाद त्याला स्वस्थ बसू देईना.

इ. स. १८८३ हे वर्ष पक्ष्यांच्या अभ्यासकांस विसरता न येण्याजोगे आहे. त्या वर्षी आपल्या मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी एकत्र येऊन ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापिली. आणि त्याच वर्षी सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतील पक्षितज्ज्ञांनीही आपला एक संघ उभा केला. ह्या अमेरिकन संघापुढे पहिलाच मोठा प्रश्न आला तो पक्ष्यांच्या स्थलांतराचा. वसंत ऋतू लागताच लाखो पक्षी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात आणि हिवाळ्यापूर्वी परत फिरतात. पण कोणता पक्षी कोणत्या दिवशी कोणत्या गावी पोहोचतो, किती संख्येने येतो व कोणत्या वाटेने जातो, हे कळावे कसे? एक पंडित कितीही विद्वान असला तरी एकाच दिवशी हजार गावी हजर राहू शकत नाही. तेव्हा ह्या कामाचे प्रमुख डॉक्टर हार्ट मेरिअम यांनी सर्वसाधारण लोकांनाच मदतीची हाक दिली. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, किंबहुना समुद्रकाठच्या दीपगृहांचे रखवालदारही ह्या कामात सामील व्हावेत, अशी त्यांची विनंती होती. वेतन काही नव्हते; काम एवढेच की पाहावे, टिपून ठेवावे व कळवावे.

१८८४ साली ह्या हाकेस ओ देणाऱ्यांत वीस वर्षांचा हा बँकेतील कारकूनही होता. त्या वसंतात त्याने केलेला नेम आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. उजाडण्यापूर्वी अंथरूण सोडावे, दवाने भिजलेल्या रानातून पक्षी पाहत, ऐकत व टिपत हिंडावे, आणि वेळेवर स्टेशन गाठून बँकेच्या गाडीत बसावे. संध्याकाळी परतल्यावर उजेड असेतो पुन्हा रान. बँकेतील कामात त्याने कसूर केली नाही, आणि रानातील कामातही केली नाही. हंगाम संपल्यावर त्याने आपली टिपणे पाठविली, तेव्हा ती इतकी नेटकी ठरली की जाणत्या मंडळींनी त्यांची वाखाणणी केली. दिवसभर आकड्यांत घालविणाऱ्या तरुणास त्या दिवसांत एक गोष्ट उमगली असावी, असे आम्हांस वाटते: एका माणसाने एका गावी प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा एकटा असता क्षुल्लक दिसतो; पण शेकडो गावांचे असे आकडे एकत्र मांडले की त्यांतून जे दिसते ते एकट्याच्या डोळ्यांस कधीच दिसले नसते. ह्या पायावरच त्याने पुढे आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य उभारले.

दुसरी मोजणी त्याने रानात नव्हे, भर शहरात केली. त्या काळी पाश्चात्त्य देशांत स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे, पंख, किंबहुना सबंध मेलेले पक्षीच खोवण्याची रीत पडली होती. १८८६ साली चॅपमन दोन दिवस दुपारी न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून हिंडला, आणि रानात पक्षी टिपावेत तसे त्याने टोप्यांवरचे पक्षी टिपले. त्याने ७०० टोप्या मोजल्या. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे किंवा पक्षी होते, आणि त्यांत सुमारे ४० जाती त्याला ओळखता आल्या. त्यांत गाणारे लहान पक्षी होते, सुतार होते. घुबडदेखील सुटले नव्हते. ही यादी त्याने एका नियतकालिकात पाठवून छापविली. तिच्यात त्याने कोणावर शब्दाचा मारा केला नाही, कोणा स्त्रीची निंदा केली नाही. केवळ जे दिसले ते मोजून मांडले. पण त्या मोजणीने लोक चपापले. रागाच्या व्याख्यानास उत्तर देता येते. खऱ्या आकड्यास उत्तर देणे अवघड जाते.

त्याच वर्षी चॅपमनने बँकेची नोकरी सोडली. पगाराची, बढतीची व प्रतिष्ठेची नोकरी सोडून पक्ष्यांच्या मागे लागणे हा त्या काळी वेडेपणाच समजला जाई. आणि खरे सांगावयाचे तर आजही एखाद्या पालकास आपल्या मुलाने असे काही केलेले रुचणार नाही. परंतु चॅपमनने आळसाने नोकरी सोडली नव्हती. सहा वर्षे ती नीट सांभाळून, आपल्या नादाची कसोटी पहाटेच्या थंडीत घेऊन मगच त्याने हे पाऊल टाकले. दोन वर्षे दक्षिणेकडील फ्लॉरिडा संस्थानात व इतरत्र पक्ष्यांचा अभ्यास करून १८८८ साली तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात साहाय्यक म्हणून दाखल झाला. ज्या संग्रहालयाची पायरी तो साहाय्यक म्हणून चढला, त्याच्याच पक्षिविभागाचा तो पुढे प्रमुख झाला व १९४२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. ज्याने कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते त्यास ब्राऊन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरची पदवी अर्पण केली. येथून पुढे आम्हीही त्यांचा उल्लेख आदराने करू.

चरित्र लिहिणारे पुष्कळदा नायकाच्या चुका झाकतात. आम्ही तसे करणार नाही. कारण चॅपमन यांनी स्वतःच आपली एक चूक झाकली नाही. त्या काळी अमेरिकेच्या पूर्व भागात हिरव्या अंगाचा व पिवळ्या डोक्याचा एक सुंदर पोपट होता. त्यास कॅरोलिना पोपट म्हणत. बागायतदारांनी, शिकाऱ्यांनी व पिसांच्या व्यापाऱ्यांनी त्याचा इतका संहार केला होता की, १८८९ च्या सुमारास चॅपमन फ्लॉरिडातील सेबॅस्टियन नदीकाठी गेले तेव्हा तो अतिशय दुर्मीळ झाला होता. संग्रहालयासाठी चॅपमन यांनी त्यांपैकी नऊ पक्षी मारले आणि आता ह्यापुढे एकही मारावयाचा नाही असा निश्चय केला. दोनच दिवसांनी तो थवा पुन्हा दृष्टीस पडला. मोह अनावर झाला, निश्चय ढळला, आणि आणखी सहा पक्षी खाली आले. ही हकीकत त्यांनी आपल्याच हाताने लिहून ठेविली आहे. ज्याने टोप्यांवरील मेलेले पक्षी मोजून साऱ्या शहरास आरसा दाखविला, त्याच्या स्वतःच्या नावावर ह्या पंधरा पोपटांचा आकडा आहे. शेवटचा कॅरोलिना पोपट १९१८ साली सिनसिनाटी शहराच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

त्याच प्राणिसंग्रहालयात चार वर्षे आधी, १ सप्टेंबर १९१४ रोजी, आणखी एका जातीचा शेवटचा पक्षी मेला होता: प्रवासी कबुतर. एके काळी ह्या कबुतरांचे थवे आकाशात आले म्हणजे सूर्य झाकला जाई, आणि थवा पुरता निघून जाण्यास तासचे तास लागत. त्यांची संख्या कोट्यवधी नव्हे, अब्जावधी होती. एवढे पक्षी संपतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही, म्हणूनच ते संपले. पुष्कळ आहेत एवढेच सारे जण म्हणत राहिले. किती आहेत, गेल्या वर्षापेक्षा कमी की जास्त, हे कोणी मोजले नाही. लोकांच्या ध्यानात येईपर्यंत वाचविण्याजोगे काही उरलेच नव्हते. जे मोजले जात नाही त्याचा ऱ्हास डोळ्यांदेखत होऊनही दिसत नाही, हा धडा अमेरिकेस फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

आता आम्ही ज्या नाताळकडे येणार म्हणून सांगितले होते तेथे येऊ. अमेरिकेतील गावोगावी त्या काळी नाताळच्या दिवशी एक शिकारीची शर्यत चाले. गावातील पुरुष दोन तट पाडीत, बंदुका घेऊन रानात जात, आणि पिसांचा वा केसांचा जो जीव समोर येईल त्यावर गोळी झाडीत. संध्याकाळी दोन्ही तटांचे ढीग मोजले जात; ज्यांचा ढीग मोठा ते जिंकले. मारलेले जीव खाण्याच्या उपयोगाचे असोत वा नसोत, त्याची कोणी पर्वा करीत नसे. ज्या दिवशी शांतीचा संदेश पृथ्वीवर आला असे आम्ही मानतो त्याच दिवशी हा खेळ चाले, आणि खेळणारे बहुधा सकाळी देवळात जाऊन आलेले असत.

१८९९ साली चॅपमन यांनी ‘बर्ड-लोअर’ नावाचे एक मासिक सुरू केले होते. दर दोन महिन्यांनी निघणारे ते मासिक तज्ज्ञांकरिता नसून शाळेतील मुले, शिक्षक व सामान्य पक्षिप्रेमी यांच्याकरिता होते. १९०० सालच्या डिसेंबरच्या अंकात त्यांनी वाचकांपुढे एक सूचना मांडली. शर्यत हवी असेल तर असू द्या. रानात जाणे हवे असेल तर अवश्य जा. पण बंदुकीऐवजी वही न्या. नाताळच्या दिवशी आपापल्या गावी जितके पक्षी दिसतील तितके मोजा, आणि यादी आमच्याकडे पाठवा. म्हणजे फेब्रुवारीच्या अंकात ती छापता येईल. यादी कशी लिहावी हेही त्यांनी ठरवून दिले: गाव कोणते, निघालो केव्हा व परतलो केव्हा, हवा कशी होती, वारा कोणत्या दिशेचा व किती जोराचा, थंडी किती; आणि मग जातीचे नाव व पुढे संख्या. बँकेत चाकरी केलेल्या माणसाचा हात ह्या नमुन्यात स्पष्ट दिसतो.

पहिल्या वर्षी ह्या सूचनेस २७ जणांनी प्रतिसाद दिला. त्या अफाट खंडातून केवळ २७! उत्तरेस कॅनडातील टोरोंटोपासून पश्चिमेस कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत २५ ठिकाणी मोजणी झाली. स्वतः चॅपमन आपल्या एंगलवुड गावी बाहेर पडले. सर्वांच्या याद्या मिळून ९० जाती व सुमारे १८,५०० पक्षी भरले. एखादा महत्त्वाकांक्षी माणूस एवढ्या थोड्या प्रतिसादाने निराश होऊन काम सोडून देता. चॅपमन यांनी याद्या छापल्या, आणि पुढल्या नाताळास पुन्हा तीच विनंती केली. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. ह्या पुन्हा करण्यातच त्यांच्या कार्याचे सारे मर्म आहे. एका वर्षाची मोजणी ही केवळ गंमत असते. शंभर वर्षांची मोजणी हा इतिहास होतो.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, उडते पक्षी बिनचूक मोजता येतात काय? एकच कावळा दोनदा मोजला गेला तर? नवशिक्याने एका पक्ष्यास दुसऱ्याचे नाव दिले तर? ही शंका अगदी योग्य आहे, आणि तिचे उत्तरही समजून घेण्याजोगे आहे. अशा मोजणीतून गावात एकूण किती पक्षी आहेत हे कळत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. तिचा उपयोग तुलनेचा आहे. कालांतराने ह्या खानेसुमारीस नियम जडले. प्रत्येक मोजणीस २४ किलोमीटर व्यासाचे एक ठराविक वर्तुळ नेमून दिलेले असते. १४ डिसेंबर ते ५ जानेवारी ह्या मुदतीतील एका दिवशी त्यातील दिसलेले वा ऐकू आलेले सर्व पक्षी मोजावयाचे असतात. किती माणसे किती तास हिंडली हेही लिहावयाचे असते. नवशिक्यास जाणत्याबरोबर पाठवितात. जागा तीच, ऋतू तोच, रीत तीच असली म्हणजे चुकाही दरवर्षी साधारण सारख्याच होतात. त्यामुळे संख्या सारखी घटत वा वाढत गेली तर ती घट वा वाढ खरी असण्याचा संभव फार मोठा. आईने आपल्या मुलास दरवर्षी एकाच भिंतीशी उभे करून खडूने रेघ मारावी, तसा हा प्रकार आहे. रेघ केसभर चुकेल. पण मूल वाढत आहे की नाही हे भिंत बरोबर सांगते.

चॅपमन केवळ मोजून थांबले नाहीत. फ्लॉरिडातील इंडियन नदीत पेलिकन नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथे झोळीसारखी चोच असलेले पेलिकन पक्षी हजारोंनी घरटी करीत, आणि शिकारी त्यांना तेथेच गाठून मारीत. १८९८ साली चॅपमन यांचा विवाह झाला, तेव्हा हे नवे जोडपे पेलिकन पाहण्यास त्याच बेटावर गेले होते. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी पुढेही त्यांच्या प्रवासांत व कामात मोठी साथ दिली. हे बेट सुरक्षित राहावे म्हणून चॅपमन व त्यांचे सहकारी विल्यम डचर यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना गळ घातली, आणि १४ मार्च १९०३ रोजी रूझवेल्ट यांनी ते पक्ष्यांसाठी राखून ठेविले. पक्ष्यांसाठी सरकारने राखलेल्या अमेरिकेतील शेकडो जागांची ही सुरुवात होय. इकडे संग्रहालयात त्यांनी काचेआड पक्ष्यांची घरटी, झाडे, पाणी व मागचे आकाश ह्यांसह हुबेहूब देखावे उभे केले. हेतू हा की, ज्यांना रानात जाता येत नाही त्यांनाही कळावे की पक्षी म्हणजे केवळ पिसे नव्हेत. त्यास घर लागते, रान लागते. पिसांच्या व्यापाराविरुद्ध हळूहळू कायदे झाले. १९१८ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा अमेरिकेत आला, आणि टोप्यांपायी नामशेष होऊ घातलेले पांढरे बगळे पुन्हा तळ्याकाठी दिसू लागले.

ह्याबरोबर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चॅपमन यांनी बंदूक सर्वस्वी टाकून दिली असे नाही. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया व इक्वेडोर ह्या देशांतील पक्ष्यांवर त्यांनी १९१७ व १९२६ साली जे मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले, ते मारून जतन केलेल्या हजारो नमुन्यांच्या आधारानेच झाले. त्या काळच्या शास्त्रास दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. पण ज्यांना शास्त्राचे काही कारण नाही अशा हजारो सामान्य माणसांना त्यांनी पक्ष्यांकडे जाण्याची दुसरी वाट दाखविली. मारल्यावाचूनही पक्षी आपलासा करता येतो, वहीत नोंदून, नाव ओळखून, पुढल्या वर्षी त्याची वाट पाहून आपलासा करता येतो, हे त्यांनी शिकविले. १५ नोव्हेंबर १९४५ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यामागे त्यांची खानेसुमारी खंडली नाही. दोन महायुद्धे आली व गेली, तरी नाताळच्या मोजणीत एका वर्षाचाही खंड पडला नाही. २७ स्वयंसेवकांच्या जागी आज सुमारे ८०,००० स्वयंसेवक अडीच हजारांहून अधिक ठिकाणी ही मोजणी करतात. तिचे फळ काय, असे विचाराल तर दोन उदाहरणे देतो. अमेरिकेतील काळे बदक हिवाळ्यात सतत कमी दिसू लागले आहे, हे ह्या याद्यांनीच १९८० नंतरच्या दशकात उघडकीस आणले, आणि त्यामुळे त्याच्या शिकारीवर बंधन आले. दुसरे उदाहरण मोठे व दुःखाचे आहे. २०१९ साली शास्त्रज्ञांनी नाताळची मोजणी व तशाच इतर स्वयंसेवी मोजण्या एकत्र करून हिशेब मांडला. १९७० पासून अमेरिका व कॅनडा ह्या देशांतील पक्षी जवळजवळ ३०० कोटींनी घटले, असे त्यातून निघाले. चारांत एकाहून अधिक पक्षी नाहीसा झाला. प्रवासी कबुतरांच्या वेळी लोकांस हे पुढे कळले. ह्या वेळी पक्षी उरले असतानाच कळले. चॅपमन यांच्या वहीने हा एवढा फरक केला आहे. उपाय करणे आता माणसांच्या हाती आहे.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. १९८७ सालापासून दर जानेवारीत तळी, धरणे व खाड्या ह्यांवरील पाणपक्ष्यांची गणना स्वयंसेवक करीत आले आहेत. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांनी टिपलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभारलेला होता. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घ काळचा कल सांगता आला, त्यांपैकी २०४ जाती घटत आहेत, असे त्या अहवालात दिसते. आपली चिमणी घ्या. चिमण्या संपल्या अशी हळहळ आपण सारेच करतो. २०२० च्या अशाच अहवालाने दाखविले की मुंबईसारख्या मोठ्या शहरांत चिमणी खरोखर कमी होत आहे, परंतु एकंदर देशात तिची संख्या पंचवीस वर्षांत बरीच स्थिर राहिली आहे. नुसत्या हळहळीने हे कधीच कळले नसते. कोठे रडावे व कोठे काम करावे, हे मोजल्यावाचून समजत नाही.

देवाच्या हिशेबातून एक चिमणीही सुटत नाही, असे आम्ही बाळपणापासून ऐकत आलो आहो. तो हिशेब आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण आपल्या अंगणातील चिमण्या मोजणे आमच्या आवाक्यातले आहे, आणि ज्याने त्या एकदा मोजल्या त्याच्या हातून त्यांवर खडा सहजासहजी उडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, ह्या सुटीत मुलाच्या हातातील गलोल काढून घेण्यावर संतोष मानू नये. रिकामा हात दुसरी गलोल शोधतो. त्या हातात एक वही व पेन्सिल द्यावी, आणि जमल्यास एखादी सकाळ त्याच्याबरोबर स्वतःही बाहेर पडावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस सांगणे इतकेच: घराजवळचे एखादे झाड, विहीर किंवा तळे निवडा. रोज ठराविक वेळी पाव तास स्वस्थ उभे राहा. जे दिसेल ते लिहा, जे ओळखता आले नाही त्यापुढे तसे लिहा, आणि जे दिसले नाही ते कधीही लिहू नका. तारीख, वेळ व हवा टिपण्यास विसरू नका. पुढल्या वर्षी त्याच जागी, त्याच दिवशी पुन्हा उभे राहा. शाळा उघडली म्हणजे ज्यांच्या वह्या येतील त्यांच्याकरिता आम्ही टेबलाचा तो खण रिकामा करून ठेवू.